टेम्सच्या पाण्याची परीक्षा

टेम्स नदीच्या पाण्याची पहिली गाजलेली परीक्षा पुठ्ठ्याच्या पांढऱ्या तुकड्यांनी झाली. जुलै १८५५ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे लंडन पुलाकडून हंगरफर्ड पुलाकडे आगबोटीने चालले होते. नदी मळकट तपकिरी झालेली, दुर्गंधी असह्य. तुकडे ओले करून ते प्रत्येक धक्क्यापाशी पाण्यात सोडत गेले. ऊन असूनही इंचभर बुडण्याआधीच तुकडे दिसेनासे होत. फॅरडे यांनी हे ‘टाइम्स’ला पत्राने कळवले, तरी लगेच काही हालले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या संसदेलाच दुर्गंधी सोसवेना, तेव्हा कुठे जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेचा मार्ग मोकळा झाला.

फॅरडे यांची कसोटी साधी आणि बिनतोड होती, पण ती गढूळपणापुरतीच. नितळ पाण्यातूनही कॉलरा पसरतो, हे लंडनने तोवर अनुभवले होते. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६५ पासून शहराला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचे दरमहा पृथक्करण सुरू केले. पाण्यातल्या नायट्रोजनच्या संयुगांवरून त्यात पूर्वी किती मैला मिसळला असावा, याचा ते हिशेब मांडत. पाणी कंपन्यांना हा हिशेब जाचक वाटला. वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, हा समज तेव्हा दृढ होता. फ्रँकलंड सदस्य असलेल्या नदी-प्रदूषण आयोगाने तो खोडून काढला: मैला पुरता नाहीसा होईल इतकी लांब नदी ब्रिटनमध्ये एकही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

पुढचा मोठा टप्पा प्राणवायूचा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू अचूक मोजण्याची रीत बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिली. मैला कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू वापरतात; म्हणून बंद बाटलीत ठेवलेल्या पाण्यातला प्राणवायू किती घटला, यावरून घाणीचे प्रमाण काढता येते. ही जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच आजची बीओडी.

१८९८ मध्ये नेमलेल्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने तिला प्रमाणाचे रूप दिले. बाटली ६५ अंश फॅरनहाइटला पाच दिवस ठेवायची, कारण ब्रिटिश नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असे मानले जाई. आयोगाच्या १९१२ च्या आठव्या अहवालातले गणित मुळातून पाहण्याजोगे आहे. स्वच्छ नदीची बीओडी दर दशलक्ष भागांत २ धरली. ती ४ च्या पुढे गेली की नदी बिघडू लागते. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची बीओडी २० असेल आणि त्यात आठपट नदीचे पाणी मिसळले, तर मिश्रण बरोबर ४ वर येते. त्यातूनच सांडपाण्यासाठी बीओडी २० आणि तरंगता गाळ ३० ही मर्यादा ठरली. मागची आठपटीची अट मात्र अनेकदा विसरली गेली आणि नदीत पाणी कितीही कमी असले तरी २० आणि ३० हेच आकडे लावले गेले. हा विसर नदीला महाग पडणारा होता, कारण पातळ करायला पुरेसे पाणीच नसेल तर आयोगाचे गणित जुळत नाही.

बीओडीची कसोटी भारतातही आली. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीच केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानयोग्य पाण्याची बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. उबदार पाण्यात जिवाणूंचे काम वेगाने चालते. त्यामुळे पुढे भारतीय मानकाने २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांऐवजी २७ अंशांना तीन दिवस ही रीत स्वीकारली. दोन्हींतून येणारे आकडे साधारण जवळपासचे असतात, आणि इथल्या हवामानात बाटल्या २० अंशांवर राखण्याचा खटाटोपही वाचतो.