रिकामा रिझल्ट

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक डॉक्टर मित्र भेटला. परळला, केईएमच्या आवारात शिकलेला. बोलता बोलता म्हणाला, "हल्ली लायब्ररीत कोण जातं रे? सगळं पबमेडवर मिळतं." मी सर्चवरच पोट भरणारा माणूस, खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण मला एलेन रोश आठवली.

गोष्ट २००१ सालची. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यासंबंधी संशोधन चाललं होतं. एलेन तिथलीच लॅब टेक्निशियन, वय २४, ठणठणीत. प्रयोगाला स्वतःहून तयार झालेली. तिला हेक्झामेथोनियम नावाचं जुनं औषध श्वासावाटे दिलं आणि महिन्याभरात, २ जूनला, ती गेली. संशोधकाने आधी शोध घेतलाच नव्हता असं नाही. पबमेड पाहिलं होतं, पाठ्यपुस्तक पाहिलं होतं. पण पबमेडच्या नोंदी तेव्हा १९६६पासून सुरू व्हायच्या आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते हे सांगणारे लेख होते १९५०च्या दशकातले. छापील, कपाटात पडलेले.

आमच्या धंद्याच्या भाषेत, क्वेरी ठीक होती, टेबलच अर्धं होतं! रिकामा रिझल्ट म्हणजे 'धोका नाही' असं नव्हे. पण यादी कुठून सुरू होते हे स्क्रीन सांगत नाही, ग्रंथपाल सांगतो. पुढे हॉपकिन्सने अशा शोधात ग्रंथपाल आणि औषधतज्ज्ञ यांची मदत घ्यायचं ठरवलं.

खरं तर कल्पना जुनीच. वैद्यकीय लेखांची 'इंडेक्स मेडिकस' ही सूची १८७९ साली काढली ती जॉन शॉ बिलिंग्ज या सर्जननेच. १९७१च्या सुमारास कॅन्सस सिटीत गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना थेट डॉक्टरांबरोबर राउंडला पाठवलं. पेशंटच्या खाटेशी प्रश्न निघाला की लेख शोधून आणायचं काम त्यांचं. १९९२ साली रोचेस्टरमधल्या पाहणीत ८० टक्के डॉक्टर म्हणाले, की ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीमुळे पेशंटच्या बाबतीत काहीतरी वेगळं केलं, निदान बहुतेक केलं असतं. (डॉक्टरांनी स्वतः सांगितलेला आकडा आहे, थोडं मीठ लावूनच घ्यावा. तरी.)

मित्राला म्हटलं, "तुमच्याच केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ सालचं. २००१च्या पबमेडमध्ये त्याची पहिली अकरा वर्षं सापडली नसती." पुढे जुन्या नोंदी भरत गेल्या, ते वेगळं.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आमच्या लायब्ररीत एक बाई होत्या. विषय अर्धा सांगितला की उठून नेमका खंड काढून आणायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंचं पाठांतर चांगलंय."