गावाच्या नावाची बस, सातबाऱ्यावरचं नाव

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज आम्ही वेगळा इतिहास सांगणार आहोत. दवाखान्याला, खरेदीला, नाहीतर लेकीकडे म्हणून आपण पिंपरी-चिंचवडला जातोच. तिथं जे रोज डोळ्यांसमोर दिसतं, त्यातच हा इतिहास आहे.

आधी बसची पाटी वाचू या. भोसरी, आकुर्डी, चिखली, मोशी, चाकण. ही सगळी गावांची नावं. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. म्हणजे शहर तसं आपल्या वयाचंच. त्याच्या पोटातली गावं मात्र शेकडो वर्षांची.

चिंचवडगावात उतरलं की पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. चतुर्थीला आजही तिथं बायांची रीघ लागते. जवळच चापेकर चौक. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे सख्खे भाऊ. पुण्यात प्लेगच्या काळात घराघरांत जुलूम झाला, त्यासाठी जबाबदार धरलेल्या रँड साहेबावर 22 जून 1897 च्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. 1898 आणि 1899 मध्ये तिघाही भावांना फाशी झाली. चौकातून जाताना आपण हात जोडतो. पण एकाच घरातले तीन कर्ते मुलगे गेल्यावर त्या घरातल्या बायकांनी दिवस कसे काढले असतील, हे आपण कधी विचारलं का?

आता पिंपरी. कपडे खरेदीला आपण जातो तो भाग म्हणजे पिंपरी कॅम्प. कॅम्प म्हणजे छावणी. 1947 च्या फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं इथं राहिली आणि त्यांनी शून्यातून दुकानं उभी केली. तिथून जवळच एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. ही सरकारी कंपनी 1954 मध्ये सुरू झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पेनिसिलिन आपल्याच देशात बनू लागलं. बाळंतज्वरानं बाया दगावत होत्या, त्या काळात या औषधाचं मोल काय होतं ते आपल्या आज्यांना विचारा.

1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि कारखान्यांची रांग लागली. गावाचा दिवस कोंबड्यावर चालायचा, तो भोंग्यावर चालू लागला. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट. कामगाराची पाळी आठवड्याला बदलायची, घरातल्या बाईची मात्र तिन्ही पाळ्यांची हजेरी. पहाटे डबा, दुपारी आलेल्याला जेवण, रात्री जाणाऱ्याला पुन्हा डबा. 1948 च्या कारखाना कायद्यानं बायांना रात्रपाळीला मनाई होती. त्यामुळे मशीनवरचं बरंचसं काम पुरुषांकडे गेलं. ते मशीन चालू ठेवणारं घरातलं काम कुठल्याच हजेरीपटावर चढलं नाही.

हे कारखाने उभे राहिले कशावर? शेतावर. एमआयडीसीनं जमिनी घेतल्या. 1972 मध्ये प्राधिकरण स्थापन झालं, त्यानंही घेतल्या. खुरपणी, लावणी, काढणी घरातल्या बायांनी केली होती. मोबदला मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला मिळाला. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी होतं?

कायदा आला, पण उशिरा. 1994 मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती, त्या लेकींना वगळलं. 2005 मध्ये केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्न झालेल्या लेकीही आल्या. वडील त्याआधी वारले असले तरी लेकीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली विक्री किंवा वाटणी यानं मोडत नाही. पिंपरी-आकुर्डीच्या कितीतरी लेकींसाठी म्हणूनच फार उशीर झाला होता.

चाकणची गोष्ट वेगळी. 1660 मध्ये इथल्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. पुढं चाकण ओळखलं जाऊ लागलं कांद्यासाठी आणि बैलबाजारासाठी. आता त्याच रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. फोक्सवॅगनचा कारखाना इथं 2009 मध्ये सुरू झाला. म्हणजे इथल्या अनेक जमिनी गेल्या तेव्हा लेकींचा कायदा झालेला होता! तरीही काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. भाऊ साडी-चोळी घेऊन येतो, गोड बोलतो, "ताई, फक्त एक सही," म्हणतो. तो कागद असतो हक्कसोडपत्र. माहेर तुटेल या भीतीनं ताई सही करते.

भावाशी भांडा, असं आम्ही सांगत नाही. समजून-उमजून, राजीखुशीनं कुणी हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण न वाचता केलेली सही ही माया नव्हे. सहीआधी कागद पूर्ण वाचून घ्या. शंका असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला दोन कामं करा. प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा सातबारा आणा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते मोठ्यानं वाचा. आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलवा. जिथं आज कंपनी आहे तिथं कोणतं शेत होतं, त्याला काय नाव होतं, तिथं कोण राबत होतं, ते तिच्याकडून वहीत लिहून घ्या. बसच्या पाटीनं गावाचं नाव राखलं. राबणारीचं नाव आपल्यालाच राखायचं आहे.