टी-४ प्रतिपिंड आणि ग्राहीची सिद्धता

पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही असावेत, ही कल्पना पाउल एर्लिख याने १८९७ मध्ये मांडली. परंतु विशिष्ट ग्राही ओळखण्याचे खात्रीचे साधन संशोधकांच्या हाती फार उशिरा आले. प्राण्यास प्रतिजन टोचून मिळणाऱ्या रक्तरसात अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असे. त्यामुळे आढळलेली खूण नेमकी कोणत्या रेणूची, याविषयी शंका उरे. १९७५ मध्ये केंब्रिज येथे क्योलर व मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या उंदराच्या पेशींचा मज्जार्बुदाच्या पेशींशी संयोग घडवून ही अडचण दूर केली. अशा एकाच संकरित पेशीच्या वंशापासून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले.

१९७९ मध्ये अमेरिकेत तयार झालेले ओकेटी-४ हे प्रतिपिंड मानवी टी-पेशींपैकी मुख्यत्वे साहाय्यक गटास चिकटते असे आढळले. ज्या रेणूस ते चिकटे त्याचे कार्य तेव्हा अज्ञात होते. त्याचे टी-४ हे नावही प्रतिपिंडावरूनच पडले. पुढे तो सीडी-४ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८१ मध्ये एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, तेव्हा त्यांच्या रक्तातील साहाय्यक पेशींचा ऱ्हास अशाच प्रतिपिंडांच्या योगे लक्षात आला.

या पेशीच का नष्ट होतात, या प्रश्नाचे उत्तर १९८४ च्या अखेरीस लंडन व पॅरिस येथील दोन गटांनी दिले. लंडनच्या डॅलग्लीश, वाइस प्रभृतींनी १५५ प्रतिपिंडे तपासली. त्यांपैकी टी-४ विरुद्धच्या सर्व १४ प्रतिपिंडांनी विषाणूच्या क्रियेस प्रतिबंध केला. केवळ खूण पटविणारे साधन येथे कार्याची परीक्षा करणारे साधन ठरले.

तथापि एवढ्याने सिद्धता पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. प्रतिपिंडाने एक रेणू झाकला असता शेजारचाही झाकला जाणे शक्य असते. १९८६ मध्ये मॅडन प्रभृतींनी हा रेणू नसलेल्या मानवी पेशींत त्याचे जनुक घातले, तेव्हा त्या पेशी संसर्गक्षम झाल्या. उंदराच्या पेशींत मात्र तेच जनुक घातल्यावर विषाणू पृष्ठभागास चिकटला, पण आत शिरला नाही. त्याचे कारण १९९६ मध्ये सहग्राहींच्या शोधाने उलगडले.

याउलट मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. प्रतिपिंड रेणूचा एक लहानसा भागच ओळखते. काही निरोगी व्यक्तींच्या साहाय्यक पेशींस ओकेटी-४ चिकटत नाही. त्याच रेणूविरुद्धची अन्य प्रतिपिंडे मात्र चिकटतात. खूण न दिसणे म्हणजे रेणू नसणे नव्हे.

सारांश, रेणू पृष्ठभागावर आहे, तो झाकल्यास क्रिया थांबते, आणि तो दिल्यास क्रिया घडते, ही तीन भिन्न विधाने होत. प्रतिपिंड पहिल्या दोहोंस आधार देते. तिसऱ्यासाठी स्वतंत्र प्रयोगच करावा लागतो, हे टी-४ च्या इतिहासावरून स्पष्ट होते.