सामाजिक विषमतेची प्रकार्यवादी उपपत्ती

सामाजिक विषमतेची प्रकार्यवादी उपपत्ती : संपत्ती, मान आणि अधिकार यांची असमान वाटणी समाजाची एक मूलभूत गरज भागवते, म्हणून ती सर्व ज्ञात समाजांत आढळते व टिकून राहते, असे प्रतिपादन करणारी समाजशास्त्रीय उपपत्ती. विसाव्या शतकाच्या मध्यास, मुख्यतः अमेरिकेत, तिला निश्चित रूप आले. समाज ही परस्परावलंबी घटकांची व्यवस्था आहे आणि कोणतीही संस्था समजून घ्यायची तर ती या व्यवस्थेसाठी कोणते काम करते ते पाहावे, ही प्रकार्यवादाची मूळ भूमिका. कुटुंब, धर्म, कायदा यांना लावलेला हाच प्रश्न या उपपत्तीने विषमतेला लावला. प्रश्न धीट होता आणि तो आजही टाळता येत नाही, कारण समतेची आस धरणाऱ्या कोणालाही कामांची वाटणी कशी व्हावी आणि अवघड काम कोणी कशासाठी पत्करावे, याचे उत्तर द्यावेच लागते. मात्र प्रकार्यवाद्यांनी दिलेले उत्तर ज्या एका मोजमापावर उभे आहे, ते मोजमाप त्यांनी विषमतेच्याच हातून उसने घेतले. उपपत्तीचे बळ आणि तिचा दोष दोन्ही तेथूनच निघतात.

या विचाराचा पूर्वज म्हणून फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांचे नाव घेतले जाते. श्रमविभागणीवरील १८९३ च्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की आधुनिक समाज एकमेकांसारख्या माणसांमुळे नव्हे, तर वेगवेगळी कामे करणाऱ्या माणसांच्या परस्पर गरजेतून बांधला जातो. पण त्याच ग्रंथात लादलेल्या श्रमविभागणीवर एक प्रकरण आहे. जन्म किंवा वारसाहक्काची संपत्ती माणसाचे काम ठरवू लागली, की ही बांधणी सुटते आणि करारातला न्याय नाहीसा होतो, असे ते तेथे बजावतात. पुढच्या प्रकार्यवाद्यांनी पहिला भाग उचलला आणि दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. टॅलकॉट पार्सन्स यांनी १९४० च्या निबंधात, आणि १९५३ मध्ये त्याच्या सुधारित मांडणीत, स्तरीकरणाचा, म्हणजे समाजाच्या वरखाली थरांतील रचनेचा, संबंध समाजाच्या सामायिक मूल्यांशी जोडला. माणसे एकमेकांचे मूल्यमापन करतातच. समाजाला जी मूल्ये प्रिय, त्यांच्या कसोटीला जो अधिक उतरतो तो वरच्या पायरीवर जातो, आणि ही उतरंड सर्वांना मान्य असल्यामुळे समाजात स्थैर्य राहते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. सामायिक मूल्ये कोणी घडवली आणि ती न मानणाऱ्याचे काय होते, हे प्रश्न या चौकटीत फारसे उपस्थित होत नाहीत.

उपपत्तीची सर्वांत नेटकी मांडणी किंग्झ्ली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात केली. निबंध अवघ्या काही पानांचा, पण समाजशास्त्रात त्याच्याइतका वाद थोड्याच लेखांनी ओढवून घेतला असेल. त्याचा युक्तिवाद असा : प्रत्येक समाजात काही स्थाने इतरांपेक्षा अधिक महत्त्वाची असतात. ती सांभाळायला लागणारी बुद्धी किंवा कौशल्य थोड्यांपाशीच असते, आणि ते कमावण्यासाठी दीर्घ प्रशिक्षण, म्हणजे त्याग, करावा लागतो. योग्य माणसांनी हा त्याग करावा यासाठी समाजाला त्या स्थानांशी जादा मोबदला जोडावा लागतो : सुखसोयी, विरंगुळा आणि स्वाभिमान सुखावणारा मान. डॉक्टरकीचे उदाहरण देऊन लेखक सांगतात, की हा अभ्यास पुष्कळांच्या बुद्धीला झेपेल, पण तो इतका खर्चिक आणि कष्टाचा आहे, की मागून येणारे फळ मोठे नसते तर तो कोणी केला नसता. यावरून विषमता हा कोणाचा कट नसून महत्त्वाच्या जागी लायक माणसे बसावीत म्हणून समाजांत नकळत विकसित झालेला उपाय आहे, असा निष्कर्ष ते काढतात. हा युक्तिवाद केवळ लबाडी म्हणून झटकणे चुकीचे आहे. मोबदला माणसाला नव्हे तर स्थानाला चिकटलेला असतो, ही त्यातली दृष्टी खरोखर महत्त्वाची आहे. माणसे बदलली तरी शिडी तशीच का राहते, हे त्यामुळे विचारता येते.

अडचण ‘महत्त्व’ या शब्दापाशी सुरू होते. एखादे स्थान किती महत्त्वाचे, हे त्याच्या मोबदल्याकडे न पाहता ठरवता आले पाहिजे. नाहीतर मोठा पगार महत्त्व सिद्ध करतो आणि महत्त्व मोठ्या पगाराचे समर्थन करते, असा फेरा तयार होतो. डेव्हिस आणि मूर यांना याची जाणीव होती. त्यांनी दोन खुणा सुचवल्या : ते काम दुसऱ्या कोणाला करता येते का, आणि इतर किती कामे त्याच्यावर अवलंबून आहेत. पण या खुणा त्यांनी प्रत्यक्षात कोठेही लावून दाखवल्या नाहीत. १९५३ मध्ये मेल्विन ट्यूमिन यांनी नेमके यावर बोट ठेवले. कारखाना चालवायला अभियंता जितका लागतो तितकेच अकुशल कामगारही लागतात. दोघांपैकी कोणाला बदलणे सोपे हे त्यांच्या वाटाघाटीच्या बळावर ठरते, आणि ते बळ आधीच असमान असते. दशकभराने आर्थर स्टिंचकोम यांनी बचावाची प्रामाणिक वाट सुचवली. काही स्थानांचे महत्त्व बाह्य कारणाने वाढते, उदाहरणार्थ युद्धकाळात सेनानीचे. तेव्हा त्यांचा मोबदलाही वाढतो का ते पाहावे, असे ते म्हणाले. पुढे युद्धकाळातील अमेरिकी वेतनांवर या धर्तीची तपासणी झाली आणि तीत उपपत्तीला काही आधारही मिळाला. तरी ही तपासणी एकाच बाजारव्यवस्थेच्या आत होती, आणि उपपत्तीचा दावा मात्र सर्व समाजांविषयी आहे.

त्या व्यापक दाव्याची कसोटी पाहायला महाराष्ट्राच्या जुन्या गावगाड्याइतके चांगले ठिकाण विरळा. येथे गावाने कामांचे महत्त्व स्वतःच मोजून ठेवले होते, आणि तेही धान्यात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बलुतेदारांच्या, म्हणजे गावाची ठरलेली कामे करून धान्याचा वाटा घेणाऱ्यांच्या, तीन ओळी किंवा कासा नोंदवल्या आहेत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. थोरल्या ओळीला प्रत्येकी चार पाचुंदे (पेंढ्यांचे जुडगे), त्यातही महाराला आठ, मधलीला तीन आणि धाकटीला दोन. यादी प्रांतोप्रांती बदलते, पण ही मांडणी बोलकी आहे. गावाच्या सीमेचा तंटा पडला तर महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. सरकारी निरोप पोचवणे, वसुलीबरोबर जाणे, राखण करणे, मयताची वर्दी देणे आणि मेलेली जनावरे ओढणे ही कामेही त्याच्याकडे होती. डेव्हिस आणि मूर यांच्या दोन्ही खुणा येथे लागू पडतात : काम दुसरा कोणी करत नव्हता आणि सगळ्या गावाचे व्यवहार त्यावर अवलंबून होते. मग ज्याला सर्वांत मोठा वाटा, त्याचे घर गावकुसाबाहेर कसे? आणि धाकट्या ओळीतल्या भटाला मान सर्वांत मोठा कसा? उपयोग आणि मान यांच्या वाटा येथे पूर्ण फुटलेल्या आहेत. आठ पाचुंद्यांचाही अर्थ नीट लावला पाहिजे. महाराचे वतन, म्हणजे या कामाचा वंशपरंपरागत हक्क, एका माणसाचे नव्हते. ते अनेक घरांत वाटले जाई आणि प्रत्येकाच्या पदरी थोडेच पडे, कामाला मात्र दिवस-रात्र हजर राहावे लागे. याच जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

उपपत्तीचे समर्थक यावर म्हणतील, की महत्त्व ही एकच कसोटी नाही. दुर्मीळता ही दुसरी कसोटी आहे. मेलेले ढोर ओढायला कोणीही चालतो, वेदविद्या किंवा हिशेब थोड्यांनाच येतो, म्हणून मान दुसऱ्याला. हा सर्वांत वजनदार बचाव आहे आणि म्हणून त्याला सविस्तर उत्तर हवे. प्रश्न असा, की ती विद्या दुर्मीळ का होती? बुद्धी थोड्यांना होती म्हणून नव्हे, शिकण्याची दारे इतरांना बंद होती म्हणून. आणि घाणीच्या कामाला माणसे मुबलक होती, कारण त्यांना दुसरे काम घ्यायला मुभा नव्हती. दुर्मीळता आणि मुबलकता ही दोन्ही विषमतेने घडवलेली फळे आहेत, त्यांना विषमतेचे कारण ठरवता येत नाही. प्रशिक्षणाचा त्याग कोण करतो, याचेही उत्तर महाराष्ट्रात १८८२ मध्येच दिले गेले होते. हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी दाखवले, की सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. शिकणारा सोसतो म्हणून त्याला पुढे अधिक मिळावे, या तर्कात जो खरोखर सोसतो त्या शेतकऱ्याचा हिशेबच धरलेला नाही. ट्यूमिन यांनी सत्तर वर्षांनी अमेरिकेतही हेच सांगितले : शिक्षणाचा भार बहुधा आईबाप उचलतात, तो उचलण्याची ऐपत आधीच्या विषमतेतून येते, आणि पदवीधराचे नुकसान नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच भरून निघते.

दुसरा आक्षेप असा येतो, की जातिव्यवस्था हा अपवाद आहे. डेव्हिस आणि मूर स्थानांच्या मोबदल्याबद्दल बोलत होते, माणसे त्या स्थानांवर कशी पोचतात याबद्दल नाही. ट्यूमिन यांना उत्तर देताना डेव्हिस यांनी हाच भेद पुढे केला, आणि कुटुंब आपला दर्जा मुलांना देते त्यामुळे गुणांची निवड अडते, हेही मान्य केले. पण ही कबुली उपपत्तीला महाग पडते. विषमता लायक माणसाला योग्य जागी नेते म्हणून ती उपयोगी, हा दावा होता. स्थाने वारशाने भरली जात असतील तर मोठा मोबदला गुणी माणसाला ओढून आणण्याऐवजी वारसाला तेथेच बसवून ठेवतो. शिवाय आपली उपपत्ती सर्व समाजांना लागू आहे असे म्हणणाऱ्यांना कोट्यवधी लोकांचा आणि शतकानुशतके टिकलेला समाज अपवादात टाकता येत नाही. डेव्हिस यांना तर भारत परका नव्हता. भारत आणि पाकिस्तानच्या लोकसंख्येवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५१ मध्ये निघाला. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात, म्हणजे डेव्हिस-मूर निबंधाच्या नऊ वर्षे आधी, कामांची विभागणी आणि काम करणाऱ्यांना जन्माने एकावर एक रचलेल्या कप्प्यांत कोंडणे, या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या. उद्योगधंदे बदलतात तेव्हा माणसाला धंदा बदलता आला पाहिजे. जात ते करू देत नाही, म्हणून ती बेकारीलाही कारण होते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे कार्यक्षमतेच्या, प्रकार्यवाद्यांच्या स्वतःच्याच मापाने त्यांनी व्यवस्थेला नापास केले. जागतिक समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ट्यूमिन यांचा निबंध हमखास असतो आणि हा प्रबंध क्वचित. हा अन्याय दुरुस्त व्हायला हवा.

प्रकार्यवादाच्या घरातूनही सुधारणेचा आवाज उठला होता. रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्येच सुचवले, की एखादी प्रथा अपरिहार्य मानू नये, तिला पर्याय असू शकतो, तिचे दुष्कार्यही पाहावे, आणि ती कोणासाठी उपयोगी हे नेहमी विचारावे. हा शेवटचा प्रश्न धरून हर्बर्ट गान्स यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील दारिद्र्याची पंधरा प्रकार्ये मांडली. गरीब असतात म्हणून घाणेरडी आणि धोक्याची कामे कमी मजुरीत होतात, जुना माल खपतो, त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांना नोकऱ्या मिळतात. गान्स यांचा रोख स्पष्ट होता : ही प्रकार्ये सधनांसाठी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाला पर्याय आहे, फक्त तो सधनांना महाग पडतो. भारतीय ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासातही असेच वळण आले. विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये उत्तर भारतातील जजमानी पद्धत परस्पर सेवेची साखळी म्हणून रंगवली. १९५९ मध्ये टॉमस बाइडलमन यांनी तीच साखळी जमीनमालकाच्या हातात कशी होती ते दाखवले.

समतावाद्यांपुढेही एक अवघड पुरावा आहे. वर्ग मोडायला निघालेल्या सोव्हिएत राज्यात १९३१ मध्ये स्टालिन यांनी वेतनातल्या सरसकट बरोबरीवर जाहीर हल्ला चढवला आणि कुशल कामगाराला अधिक देणे उद्योगासाठी आवश्यक ठरवले. प्रकार्यवाद्यांना हे आपल्या नियमाचे शिक्कामोर्तब वाटते, आणि त्यात तथ्य आहे : कौशल्य शिकण्यासारखे वाटावे एवढा फरक बहुतेक औद्योगिक समाजांनी ठेवलेला दिसतो. पण सोव्हिएत समाजातली खरी दरी कुशल आणि अकुशल कामगारांत नव्हती. ती पक्षाधिकारी आणि इतर जनता यांच्यात होती. राखीव दुकाने, घरे आणि दवाखाने अधिकारपदाला जोडलेले होते. तो भेद दुर्मीळ गुणांच्या मोबदल्याचा म्हणता येत नाही. पोलंडचे समाजशास्त्रज्ञ व्वोजिमिएश वेसोवोव्स्की यांनी १९६२ मध्ये यातूनच नेमका निष्कर्ष काढला, की गुंतागुंतीच्या समाजाला अधिकारपदांची उतरंड टाळता येणार नाही कदाचित, पण त्या उतरंडीला मिळकतीची आणि मानाची उतरंड चिकटलीच पाहिजे असे नाही. डेव्हिस आणि मूर यांनी एका गाठोड्यात बांधलेल्या गोष्टी त्यांनी सोडवल्या.

उपपत्तीचा जो भाग आज टिकून आहे तो मर्यादित आहे. प्रवेश खुला असेल, शिक्षण सर्वांना परवडेल आणि काम सोडून जाता येईल, अशा व्यवसायांत अवघड कौशल्याला काही जादा मोबदला लागतो, आणि तो किती लागतो हे तपासता येते. पण महत्त्व आणि मोबदला जुळतातच असे नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीत भारत सरकारने ज्या सेवा चालू ठेवल्या त्यांत आरोग्य, पाणी, वीज, किराणा आणि सफाई होती. सफाईची बरीच कामे तेव्हाही कंत्राटी आणि अल्पवेतनी होती आणि ती करणारे मोठ्या प्रमाणात दलित जातींचे होते. कोणते काम थांबले तर शहर थांबते याची ती सरकारनेच काढलेली यादी होती, आणि मोबदल्याची यादी तिच्याशी जुळत नव्हती.