मुलांना अंधाराची भीती वाटते? प्राण्यांच्या गोष्टी सांगा

"लाइट बंद करू नकोस ना!" रोज रात्री हा हट्ट सुरू झाला की पालक वैतागतात. पण साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांना अंधाराची भीती वाटणे अगदी सामान्य आहे. या वयात कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते, मात्र खरे काय आणि मनातले काय हे नीट कळत नाही. त्यामुळे खुंटीवरचा शर्टही कुणीतरी उभे असल्यासारखा दिसतो. मूल नाटक करत नसते.

गोष्ट कशी सांगावी?

• रात्री जागणारा प्राणी निवडा. घुबडाला अंधुक उजेडातही चांगले दिसते, वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, काजवा स्वतःच चमकतो.
• गोष्टीतले पिल्लूही आधी घाबरू द्या. पहिल्या रात्री ते ढोलीच्या तोंडाशी बसून फक्त आवाज ऐकते, दुसऱ्या रात्री जवळच्या फांदीवर जाते.
• मग मुलाला पिल्लू होऊ द्या. आज तुमचा हात धरून अंधाऱ्या खोलीच्या दाराशी, काही दिवसांनी दोन पावले आत, पुढे एकट्याने. प्रत्येक पावलाला शाबासकी द्या.

भीती कमी होते ती अशा छोट्या, सुरक्षित अनुभवांनी. गोष्ट त्यासाठी धीर देते. घाई करू नका. मंद दिवा चालू ठेवायला हरकत नाही.

काय टाळावे?

• "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" अशी धमकी.
• भावंडांसमोर चिडवणे किंवा शिक्षा म्हणून खोलीत कोंडणे.
• झोपण्यापूर्वी भीतिदायक व्हिडिओ, तसेच "घुबड अशुभ असते" अशी बोलणी.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

भीतीमुळे अनेक आठवडे झोप मोडत असेल, शाळा किंवा खेळ यांवर परिणाम होत असेल, किंवा एखाद्या घटनेनंतर भीती अचानक सुरू झाली असेल, तर सल्ला घ्या. अंधारात एकटे असताना किंवा एखाद्या व्यक्तीजवळ जायला मूल घाबरत असेल, तर ते शांतपणे ऐकून घ्या.

एक गोष्ट आवर्जून पाहा. संध्याकाळी मूल वस्तूंना धडकते, चाचपडत चालते का? तसे असेल तर ती केवळ भीती नसून रातांधळेपणा असू शकतो. जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. अशा वेळी गोष्टींवर विसंबू नका, लगेच डोळे तपासून घ्या. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिले जाणारे जीवनसत्त्व 'अ'चे डोस चुकले आहेत का, हेही लसीकरण कार्डावर पाहा.