वरातीतल्या ठेक्याचं कूळ

केळापूर तालुक्यातल्या वरातीत एक वेळ हमखास येते. पांढरकवड्याच्या रस्त्यावर संदलचा बाजा जोरात असतो, पोरं घामाघूम झालेली असतात आणि अशात कुणीतरी नवरदेवाच्या मामाजींना हाताला धरून मधे ओढतं. मामाजी आधी नाही नाही म्हणतात, मग टोपी नीट करतात आणि सुरू होतात. गुडघे किंचित वाकलेले, कोपरं अंगाजवळ, पंजे सैल, पावलं जागच्या जागी. खांदे मात्र ठेक्यावर हलत असतात. पोरं उड्या थांबवून भोवती कडं करतात. मागे अशाच एका वरातीत शेजारच्या पोरानं विचारलं, “हे कोनतं नाचनं हाय?” मामाजी नाचता नाचताच म्हणाले, “भगवानदादाचं हाय बाप्पा, दुसरं कोनाचं!”

पोराला भगवानदादा ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या जिल्ह्यातला हा माणूस. वडील मुंबईत गिरणी कामगार होते, भगवाननीही मजुरी केली. कुस्तीचा नाद होता. ‘दादा’ हे बिरुद त्यातूनच चिकटलं असं सांगतात. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत ते पडद्यावर आले आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदमांबरोबर ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट काढले. पासष्ट हजार रुपयांत अख्खा चित्रपट ते उभा करत, असं सांगितलं जातं. कपडे ठरवणं, युनिटच्या जेवणाची सोय, सगळं स्वतः बघत. हे चित्रपट पाहायला येणारा माणूस बहुतेक कामगार वस्तीतला, म्हणजे त्यांच्याच घरातला.

हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स हे त्यांचं दैवत. ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) आणि ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) मध्ये उड्या घेणारा, भिंती चढणारा हा नट जगभर गाजला होता. त्याच्यासारखंच भगवानही धोक्याची कामं स्वतः करत. राज कपूर त्यांना भारताचा डग्लस म्हणत.

मला या ठेक्याचं मूळ इथेच दिसतं. नाचाची तालीम भगवाननी कोणत्या गुरूकडे घेतलेली नव्हती. त्यांच्याकडे होतं ते आखाड्यात आणि मारामाऱ्यांत तयार झालेलं, आडव्या बांध्याचं शरीर. पैलवान कुस्तीआधी जसा गुडघ्यात वाकून, हात सैल सोडून जोडीदाराचा अंदाज घेतो, तशीच त्यांच्या नाचाची उभं राहण्याची तऱ्हा आहे. त्या पवित्र्यात त्यांनी ताल मिसळला. गिरकी नाही, ठुमका नाही. दमाचं माप कळणाऱ्या माणसाचा हा नाच, म्हणून साठीतल्या मामाजींनाही तो दहा मिनिटं झेपतो.

ताल आला तो दुसऱ्या घराण्यातून. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. दोघांची मैत्री जुनी. भगवाननी तमिळमध्ये केलेल्या चित्रपटांना आणि १९४२ च्या ‘सुखी जीवन’ला संगीत देऊनच रामचंद्र संगीतकार म्हणून उभे राहिले. त्यांच्या हाताशी चिक चॉकलेट होते. हे गोव्याच्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारे ट्रम्पेटवादक. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही मंडळी हिंदी गाण्यात आली ती अशा गोवेकर वादकांच्या खांद्यावरून. अमरावतीचा पैलवान, पुणतांब्याचा गवई आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवाला यांच्या पोटी हा ठेका जन्मला, असं म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

सामाजिक चित्रपट काढ, हा सल्ला राज कपूर यांचा. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. गीता बालीसारखी नायिका समोर होती, तरी ‘शोला जो भडके’ आणि ‘भोली सूरत’मध्ये नजर पुन्हा पुन्हा भगवानकडेच जाते. गाणाराही स्वतः चितळकर, त्यामुळे आवाजातला मोकळेपणा आणि अंगातला मोकळेपणा एकाच माणसाचा वाटतो. सिनेमा संपवून घरी जाणाऱ्या कामगाराला तो नाच रस्त्यातच करून बघता येत होता.

आमच्या भागात दिवाळीत गोंड-कोलामांची नाचाची दंडार निघते. तिला नेम आहे, वडीलधारी माणसं आहेत, कुणाकडून काय शिकायचं ते ठरलेलं आहे. भगवानच्या ठेक्याला यातलं काही नाही. तो बघून उचलला गेला, बापाकडून पोराकडे गेला आणि नाव वाटेत गळून पडलं. अमिताभ बच्चन यांनी पडद्यावर ती लय घेतली, तेव्हा निम्म्या लोकांना ती अमिताभचीच वाटली.

‘अलबेला’च्या पैशातून जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, सात दिवसांना सात गाड्या होत्या असं सांगतात. मग ‘झमेला’ आला, पण ‘अलबेला’ची जादू पुन्हा जमली नाही. पुढे किशोर कुमारना घेऊन काढलेला ‘हंसते रहना’ पुरा झाला नाही आणि बंगला, गाड्या सगळं गेलं. दादा दादरच्या चाळीत परतले. ४ फेब्रुवारी २००२ ला तिथेच गेले. मधली वर्षं त्यांनी लहानसहान कामं करून काढली. अनेकदा तर काम एवढंच, की गाण्यात दोन पावलं नाचून दाखवायची.

पण गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर आली की थांबायची. बँडवाले ‘भोली सूरत’ धरायचे. दादा खाली उतरायचे, गुडघे थोडे वाकवायचे, कोपरं अंगाशी घ्यायचे. ती चार पावलं झाली की मगच गणपती पुढे निघायचा.