डिलिशस

इंटरनेटवर सापडलेली पाने, चित्रे, गाणी, चित्रफिती यांच्या लिंका एका जागी साठवण्याची, त्यांना आपल्या मनाने टॅग लावण्याची आणि तो साठा चारचौघांसाठी उघडा ठेवण्याची सोय देणारे अमेरिकी संकेतस्थळ. जॉशुआ शॅक्टर यांनी ते सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केले. जून २०१७ मध्ये ते फक्त पाहण्यापुरते उरले. आज कुठल्याही ॲपमध्ये सहज दिसणारी टॅगची पद्धत सामान्य माणसाच्या हाती आली, त्यात या स्थळाचा वाटा मोठा आहे.

शॅक्टर न्यूयॉर्कला मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेत विश्लेषक होते. नोकरी सांभाळून ते १९९८ पासून ‘मीमपूल’ हे गमतीशीर लिंकांचे पान चालवत. वाचक लिंका पाठवत, त्यांतल्या निवडक छापल्या जात आणि बाकीच्या शॅक्टर यांच्या संगणकावरील एका साध्या मजकूर-फाइलमध्ये जाऊन पडत. फाइल फुगत सुमारे वीस हजार लिंकांवर गेली. हवी ती लिंक सापडावी म्हणून त्यांनी प्रत्येक ओळीपुढे # चिन्ह टाकून एखादा शब्द लिहायला सुरुवात केली. गणितावरचे काही असले तर पुढे ‘गणित’. ही सवय त्यांनी आधी स्वतःपुरत्या एका स्थळावर उतरवली आणि मग तीच सर्वांसाठी खुली केली. डिलिशसचा सगळा आराखडा या घरगुती सोयीतून आला, बाजाराचा अंदाज घेऊन नव्हे.

वापर अगदी सोपा होता. ब्राउझरच्या पट्टीवर एक बटण बसवायचे. वाचता वाचता काही आवडले की ते दाबायचे. छोटा फॉर्म उघडे: पत्ता आणि शीर्षक आपोआप भरलेले, खाली टिपणासाठी एक ओळ, त्याखाली टॅगची चौकट. तेच पान आधी कुणी साठवले असेल तर त्यांनी लावलेले टॅग तळाशी सुचवलेले दिसत. टिचकी मारली की तुमच्याही चौकटीत येत. साठवल्यावर कळे की हेच पान आणखी किती जणांनी ठेवले आहे. त्या आकड्यावर टिचकी मारून त्या लोकांच्या संग्रहात शिरता येई, आणि खरी चटक इथेच लागे. ज्याला आपल्यासारखेच एखादे आडवळणाचे पान आवडले, त्याच्याकडे आपल्याला आवडेल असे आणखीही काही असणार, हा तर्क सहसा खरा ठरे. शोधयंत्राला विचारायला आधी प्रश्न ठाऊक असावा लागतो; इथे तशी गरज नव्हती.

ब्राउझरच्या फोल्डरमध्ये एक लिंक एकाच खणात बसते. टॅगला ती अडचण नाही. एकच पान ‘पाककृती’, ‘आंबा’ आणि ‘सुट्टी’ या तिन्ही नावांनी सापडू शकते. शिवाय टॅगची यादी कुणी वरून ठरवून दिलेली नव्हती. ग्रंथपालनाच्या शिस्तीत वाढलेल्यांना हा गोंधळच वाटला, आणि तक्रार निराधार नव्हती. टॅग मोकळ्या जागेने वेगळे होत, त्यामुळे दोन शब्दांचा टॅग जोडून किंवा खालच्या रेघेने सांधून लिहावा लागे; एकवचन-अनेकवचनाचा मेळ नसे; ‘वाचायचे आहे’ अशा अर्थाचा टॅग तर जगाला काहीच सांगत नसे, तरी तो भलताच लोकप्रिय होता. मात्र एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतील स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डिलिशसची माहिती तपासली तेव्हा गमतीचा निष्कर्ष निघाला: एखादे पान शंभरेक जणांनी साठवले की त्यावरील निरनिराळ्या टॅगचे परस्परांतील प्रमाण जवळजवळ स्थिर होते. म्हणजे कुणीही न ठरवता वर्गीकरण जमून येत होते. अशा लोकांनी घडवलेल्या वर्गीकरणाला २००४ मध्ये टॉमस व्हँडर वॉल यांनी ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिले.

दृक्‌श्राव्य संग्रहांसाठीही स्थळाचा उपयोग झाला. लिंक एमपी३ फाइलची असेल तर स्थळ स्वतःहून तसा टॅग जोडी. प्रत्येक टॅगची आरएसएस फीड, म्हणजे नव्या नोंदी आपोआप पोचवणारी यादी, निघत असे. त्यामुळे इकडूनतिकडून वेचलेली ध्वनिमुद्रणे एका टॅगखाली ठेवली की घरबसल्या पॉडकास्ट तयार होई. त्यासाठी फाइल स्वतःच्या जागेवर चढवावी लागत नसे.

डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतले. त्याच वर्षी छायाचित्रांचे स्थळ फ्लिकरही याहूकडे आले होते. सभासद वाढत राहिले. २००८ अखेर ते ५३ लाखांच्या घरात होते आणि साठवलेल्या वेगवेगळ्या पत्त्यांची संख्या १८ कोटी. शॅक्टर मात्र २००८ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. इतक्या लोकांनी हाताने निवडून, शब्द लावून ठेवलेल्या या खजिन्याचे करायचे काय, हे याहूला कधी उमगले असे दिसत नाही. १६ डिसेंबर २०१० रोजी कंपनीच्या अंतर्गत सादरीकरणातले एक पान फुटले. गुंडाळायच्या सेवांच्या रकान्यात डिलिशसचे नाव होते. कंपनीने नंतर खुलासा केला की स्थळ बंद होणार नाही, त्याला दुसरे घर शोधू. पण तोवर लोक आपापली बोचकी बांधायला लागले होते.

२०११ मध्ये यूट्यूबचे संस्थापक चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांच्या एव्हॉस कंपनीने ते घेतले आणि सप्टेंबरात नव्या रूपात आणले. त्यात एक वरवर फुटकळ बदल झाला: तिरकी रेघ असलेल्या टॅगचा शोध चालेनासा झाला. घाव बसला फॅन फिक्शनच्या वाचकांना. मालिका-चित्रपटांतील पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांना टॅग लावताना ही मंडळी दोन पात्रांच्या नावांमध्ये तिरकी रेघ देत. त्या रेघेवरूनच समलिंगी जोड्यांच्या अशा कथांना ‘स्लॅश’ म्हणतात. कथेची लांबी, जोडी, मालिका, पूर्ण की अपूर्ण, अशी काटेकोर टॅग-पद्धत त्यांनी वर्षानुवर्षे उभी केली होती. स्थळावरचे सर्वांत शिस्तीचे संग्राहक हेच होते, आणि नव्या मालकांना त्यांचा पत्ताच नव्हता.

पत्ता होता माचेय त्सेगवॉफ्स्की यांना. २००९ पासून ते ‘पिनबोर्ड’ हे छोटे, जाहिरातींविना चालणारे स्थळ चालवत होते. प्रवेश-शुल्क प्रत्येक नव्या सभासदागणिक सेंटच्या दहाव्या भागाने वाढे, म्हणजे उशिरा येणाऱ्याला थोडे महाग. (फुकट सेवेच्या मालकाला आपली पर्वा असेलच असे नाही, हे लोक तोवर चांगले शिकले होते, त्यामुळे पैसे मागणे उलट भरवशाचे वाटे.) तुम्हाला काय हवे, असे त्यांनी या वाचकांना विचारले. उत्तरादाखल चाहत्यांनी सामाईक दस्तऐवजात पन्नासहून अधिक पानांचा, क्रम लावलेला मसुदाच लिहून काढला. त्यांतल्या बऱ्याच सोयी पिनबोर्डवर आल्या आणि चाहते मोठ्या संख्येने तिकडे गेले. डिलिशसचे आणखी काही वेळा हात बदलले. शेवटी जून २०१७ मध्ये पिनबोर्डनेच ते ३५,००० डॉलरला विकत घेतले आणि त्यात नवी लिंक घालणे थांबवले.

डिलिशसची एक मर्यादा शेवटपर्यंत राहिली. ते पत्ता जपत असे, मूळ वस्तू नव्हे. वर्तमानपत्राच्या कात्रणवहीत कागद तरी हातात राहतो. इथे मूळ स्थळ बंद पडले की टॅग शाबूत आणि लिंक मेलेली. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मधील ३८ टक्के वेबपाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. पानाची प्रत साठवण्याची सोय २००३ च्या सुमाराच्याच ‘फर्ल’ या स्थळात होती, पिनबोर्डने ती जादा पैसे घेऊन दिली. पण साठवणाऱ्याचाही भरवसा नसतो. ‘मॅग्नोलिया’ या प्रतिस्पर्धी स्थळाचा माहितीसाठा जानेवारी २००९ मध्ये बिघडला, राखीव प्रतही कामी आली नाही, आणि सभासदांचे बुकमार्क गेले ते गेलेच. लेख नंतर वाचण्यासाठी साठवणारे, २००७ मध्ये निघालेले आणि पुढे मोझिलाकडे गेलेले ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. आपली यादी उतरवून घेण्यासाठी वाचकांना त्यानंतर काही महिन्यांची सवलत होती.

डिलिशसमधून संग्रह बाहेर काढला की साधी एचटीएमएल फाइल मिळे. तिची रचना १९९० च्या दशकातील नेटस्केप ब्राउझरच्या बुकमार्क-फाइलची. क्रोम, फायरफॉक्स आणि पिनबोर्ड ती आजही वाचतात, त्यामुळे वेळीच ज्यांनी ती उतरवून ठेवली त्यांच्या लिंका कुठेही पुन्हा भरता येतात.